ससा शिंकतोय. सर्दी समजून थांबावं का?

सुरंगीचा_वळेसर | १० ऑगस्ट, रात्री ९:४०

नमस्कार. आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. लेकीच्या हट्टामुळे दोन वर्षांपूर्वी पांढरा ससा आणला, नाव कापूस. परवापासून तो शिंकतोय. आधी दिवसातून दोन-चारदा, आज मात्र सकाळपासून वीसच्या वर शिंका झाल्या. नाक ओलं वाटतं, पण तो सारखा पुसत असतो, त्यामुळे नीट कळत नाही. खातोय, पण ताटली वाजली की धावत यायचा तसा येत नाही.

पिंजरा पडवीत आहे. आठ दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही, जांभ्याच्या भिंतींना ओल सुटलीय. घरात सगळ्यांचं म्हणणं, हवाच अशी आहे, सर्दी झाली असेल, जाईल दोन दिवसांत. माझं मन मानत नाही, पण नक्की काय बघायचं तेही माहीत नाही. जवळचा दवाखाना गुराढोरांचा. ससा तपासणारे डॉक्टर चिपळूणला, म्हणजे या पावसात दीड तास. थांबू की निघू? ज्यांनी ससे पाळलेत त्यांनी कृपया सांगा.

खाडीपल्याड | रात्री ९:५८

ताई, एवढं घाबरू नका. आमच्याकडे चार ससे होते, पावसाळ्यात शिंकायचे आणि आपोआप थांबायचे. पेंढा झटकून घाला, धूळ असते त्यात. तुळशीची पानं द्या.

रातांबा | रात्री १०:१५

खाडीपल्याडदादा, तुमचे ससे वाचले याचा आनंद आहे, पण मी अगदी हेच ऐकून थांबले होते.

आमचा बिट्टू राखाडी, कान पडलेला. चार दिवस शिंकला. पाचव्या दिवशी नाकातून दाट पांढरं यायला लागलं. रविवार होता, दवाखाना बंद. औषधाच्या दुकानात सांगितलं तर लहान मुलांना देतात ते गुलाबी पातळ औषध मिळालं, अमॉक्सिसिलिनचं. लेबल वाचलं, अँटिबायोटिक आहे म्हणजे बरंच झालं असं वाटलं. ड्रॉपरने दोन दिवस पाजलं. तिसऱ्या दिवशी पातळ जुलाब, अंग गार, आणि संध्याकाळी माझ्या मांडीवर गेला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, नाकाच्या आजाराने नव्हे, औषधाने गेला.

सुरंगीताई, काहीही करा, पण घरातलं कुठलंही औषध त्याच्या तोंडात घालू नका. एवढंच सांगायला लॉगिन केलंय.

गोठ्यातला | रात्री १०:५०

मी पशुवैद्यकाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रातांबाताईंनी लिहिलंय ते जितक्या लोकांपर्यंत जाईल तितकं बरं. सशाचं पचन आतड्यातल्या जिवाणूंवर चालतं. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन, क्लिंडामायसिन, लिंकोमायसिन ही औषधं पोटातून दिली की त्यातले उपयोगी जिवाणू मरतात, क्लॉस्ट्रिडियम जातीचे वाढतात आणि त्यांच्या विषाने ससा जातो. कुत्र्याला, माणसाला चालणारं औषध सशाला चालेलच असं नाही. तसंच स्टिरॉइडचं. ‘सूज उतरेल’ म्हणून दिलेलं इंजेक्शन सशाची प्रतिकारशक्ती एकदम खाली आणतं आणि दबलेला संसर्ग उसळतो.

आता मूळ प्रश्न. माणसाला होते तशी, आपोआप बरी होणारी सर्दी सशात गृहीत धरायची नसते. शिंका आणि स्राव बहुतेक वेळा जिवाणूंमुळे असतात. सगळ्यात जास्त सापडतो तो पाश्चुरेला मल्टोसिडा (लुई पाश्चर यांच्यावरून नाव पडलंय), त्याशिवाय बॉर्डेटेला, स्टॅफिलोकॉकस, स्यूडोमोनास. पुष्कळ सशांच्या नाकात पाश्चुरेला निमूट बसलेला असतो. ससा बेजार झाला, जागा बदलली, कोंदट हवेत राहिला की तो डोकं वर काढतो. नाकातून कानात गेला तर मान वाकडी होते, छातीत उतरला तर न्यूमोनिया.

खाडीपल्याडदादांचं एक मात्र खरं आहे. प्रत्येक शिंक आजाराची नसते. धुळीने शिंकणारा ससा पेंढ्यात तोंड घातल्यावर दोन-तीनदा शिंकतो आणि गप्प होतो. त्याचं नाक कोरडं असतं, खाणं-धावणं नेहमीसारखं. ताई, तुमच्या वर्णनात तसं दिसत नाही.

आत्ता बघा:

ससा शांत बसलेला असताना लांबून बरगडीच्या मागची कूस बघा. ३० सेकंद मोजा, दुप्पट करा. नाकाची हालचाल मोजू नका, नाक तो वास घ्यायलाही हलवतो, सगळ्यांची चूक तिथेच होते. आरामात ३० ते ६० श्वास ठीक. उचलून, धरून मोजलेला आकडा धरायचा नाही.

आणि ससा नाकानेच श्वास घेतो. तोंड उघडून, मान वर ताणून श्वास घेताना दिसला, ओठ-हिरड्या निळसर वाटल्या, तर सकाळची वाट बघायची नाही.

आजोळ_दापोली | रात्री ११:०५

बाळा, छान समजावलंस. सुरंगी, एक माझंही बघ. पुढचे पाय उलटे करून आतली बाजू पाहा. ससा नाक पुसतो ते पंजाच्या आतल्या अंगाने. नाकावर काही दिसत नसलं तरी तिथले केस गोंद लावल्यासारखे चिकटून राहतात, वाळले की कडक होतात. आमच्या पिंगीचं मला अगदी असंच कळलं होतं. नाक स्वच्छ, आणि पंजे बघितले तर पिवळट गुठळ्या. सशाला आजार लपवायची सवय असते गं, पण पंजे लपवता येत नाहीत त्याला.

मालवणी_खाजा | रात्री ११:१२

वासराक सर्दी झाली काय आमची आजी ओव्याची धुरी देता. सशाक दिली तर चलात काय? माका म्हायत नाय म्हणान इचारतंय.

गोठ्यातला | रात्री ११:२०

नको दादा. धूर कुठलाच नको. ओव्याचा, धुपाचा, शेणीचा, मच्छरांच्या कॉइलचा, चुलीचासुद्धा. सशाची छाती पोटाच्या मानाने फार लहान, फुप्फुसं इवलीशी. आधीच सुजलेल्या नाकात धूर गेला तर श्वास आणखी कोंडतो. बाम, निलगिरी तेलही लावायचं नाही. वासराचं आणि सशाचं गणित वेगळं.

मालवणी_खाजा | रात्री ११:२३

समाजला. आजीक उद्या सांगतंय.

सुरंगीचा_वळेसर | रात्री ११:४८

सगळ्यांचे आभार. टॉर्च घेऊन बसलोय दोघी. लेकीने तीन वेळा मोजलं: ७०, ७४, ७२. आजोळकाकू, पंजे बघितले. दोन्ही पायांचे केस आतून चिकटलेत, उजव्याचे जास्त. डाव्या डोळ्याखालीही ओलसर रेघ आहे. तोंड बंद आहे. मघाशी कोथिंबिरीच्या दोन काड्या खाल्ल्या.

आणखी एक. पिंजऱ्याखाली गोणपाट अंथरलंय, वर पेंढा. रोज पेंढा बदलते, पण गोणपाट पावसात वाळत नाही म्हणून आठ दिवस तेच होतं. आत्ता खाली वाकून उचललं तर डोळ्यांना झोंबलं. उभं राहून कधी वास आला नव्हता मला. फार वाईट वाटतंय.

आजोळ_दापोली | रात्री ११:५५

वाईट वाटून घेऊ नकोस. कळलं ना, झालं. गोणपाट आत्ताच बाहेर टाक आणि त्याला कोरड्या जागी ने.

गोठ्यातला | ११ ऑगस्ट, रात्री १२:०५

ताई, ते झोंबणं अमोनियाचं. लघवी साचून कुजली की तयार होतो. सशाचं नाक जमिनीपासून चार बोटांवर, तो चोवीस तास त्यात. अमोनियाने नाकातलं नाजूक अस्तर खराब होतं आणि जिवाणूंना वाट मिळते. पावसाळ्यात आपल्याकडे ही अडचण घरोघरी आहे, हवेत एवढा दमटपणा की काही वाळतच नाही. गोणपाटाऐवजी वर्तमानपत्राच्या जाड घड्या, दिवसातून दोनदा बदलायच्या. सुतारकामाचा भुसा नको, देवदार-पाइनच्या भुशातली वाफ श्वासाला वाईट.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर: थांबू नका, सकाळी निघा. रात्री तोंडाने श्वास घेऊ लागला तर तेव्हाच फोन करून निघा. तोपर्यंत जबरदस्तीने सिरिंजने काही पाजू नका, दम लागलेल्या सशाच्या श्वासनलिकेत जातं. गवत आणि पाणी समोर ठेवा. लेंड्या मोजून ठेवा, डॉक्टर विचारतील. १२ तास काही खाल्लं नाही किंवा लेंड्या थांबल्या तर तीही तितकीच तातडीची गोष्ट.

रातांबा | सकाळी ६:१०

ताई, जाताना दुचाकीवर नेऊ नका. बाजूंना भोकं असलेली प्लास्टिकची टोपली, तळाला टॉवेल, वरून अर्धं झाकण. मांडीवर उताणं धरू नका, तसा ससा गप्प पडतो ते भीतीने, आणि पोटाचा भार छातीवर येतो. त्याच्या वासाचं थोडं गवत बरोबर घ्या.

सुरंगीचा_वळेसर | सकाळी ६:३०

शेजारच्या दादांची गाडी मिळाली. निघतोय. रात्री दर दोन तासांनी उठून मोजलं, ७०च्या आसपासच. लेकीने वहीत लिहिलंय सगळं.

कातळशिल्प | सकाळी ९:२०

सुरंगीताई परत येईपर्यंत पेंढ्याबद्दल लिहितो, कारण वर दोनदा विषय आलाय आणि मला तो महत्त्वाचा वाटतो.

आपण कोकणात सर्रास भाताचा पेंढा घालतो. खालून आडोसा म्हणून ठीक, पण पोट भरायला गवतच हवं. त्यातही पावसाळ्यातला पेंढा हा खरा घोळ आहे. उडवीतून, म्हणजे रचलेल्या गंजीतून, उपसलेला पेंढा वरून कोरडा वाटतो, आत हात घातला की कोमट आणि दमट लागतो. मुठीत घेऊन काळ्या कागदावर झटका. पांढरट-राखाडी धूर उडाला तर ती नुसती धूळ नसते, बहुधा बुरशी असते. ती नाकात गेली की नुसती शिंक आणून थांबत नाही.

मी राजापूरच्या सड्यावरचं, म्हणजे कातळी पठारावरचं, गवत दसऱ्यानंतर, बी धरायच्या आधी कापतो. दोन दिवस उन्हात, मग सावलीत, मग माळ्यावर कापडी पिशव्यांत, प्लास्टिकमध्ये कधीच नाही. पावसाळ्यात रोजचं ओलं गवत कापून आणतो, पण पाणी निथळून, पंख्याखाली तासभर पसरून. रस्त्याकडेचं नाही, तिथे तणनाशक मारलेलं असतं.

खाडीपल्याड | सकाळी ९:४५

कातळशिल्प, कागदावर झटकायची युक्ती आत्ताच करून बघितली. आमच्या पेंढ्यातून ढग उठला. आता ससे नाहीत आमच्याकडे, पण शेळ्या आहेत, त्यांनाही हाच घालतोय. बाहेर काढतो आजच.

काल मी ताईंना घाबरू नका म्हटलं ते घाईने बोललो. आमच्या चारांपैकी एक भाद्रपदात अचानक गेला होता. आम्ही म्हटलं साप चावला. आता वाटतं, तो आधी आठ दिवस शिंकत होता.

चाकरमानी_लालबाग | सकाळी १०:३०

थोडं विषयांतर करतो, माफ करा. गावी सावंतवाडीकडे चुलतभावाला काजूच्या बागेत सशाचं पिल्लू सापडलंय, तपकिरी, डोळे उघडे. तोही शिंकतोय म्हणे. त्याला हेच सगळं लागू?

गोठ्यातला | सकाळी १०:४२

दादा, तो रानससा. आपला पाळीव ससा युरोपातल्या रानटी सशापासून आलेला, बिळात राहणारा, त्याची पिल्लं बिनकेसांची आणि डोळे मिटलेली जन्मतात. रानसशाचं पिल्लू केसांसकट, डोळे उघडे घेऊनच जन्मतं आणि आई त्याला गवतात एकटं ठेवून ठरावीक वेळी दूध पाजायला येते. म्हणजे ते बहुधा हरवलेलं नाहीच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो संरक्षित आहे, पाळता येत नाही. जखम नसेल तर उचलला तिथेच आजच ठेवायला सांगा. शिंका थांबत नसतील किंवा जखम असेल तर वनखात्याला कळवा.

चाकरमानी_लालबाग | सकाळी १०:५०

फोन केला. ठेवायला निघालाय.

सुरंगीचा_वळेसर | दुपारी ४:२०

आलो परत. कापूस टोपलीत झोपलाय. थोडं सविस्तर लिहिते, कुणाला उपयोगी पडेल.

डॉक्टरांनी आधी हात लावलाच नाही. टोपली टेबलावर ठेवून पाच मिनिटं नुसते बघत होते. मग लेकीची वही वाचली. म्हणाले, एवढं कुणी लिहून आणत नाही. वजन १ किलो ६५० ग्रॅम. ताप नव्हता, ३९.४ अंश सेल्सिअस (सशाचं ३८.५ ते ४० असतं म्हणाले). छातीला नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या, मग एक्स-रे काढला. फुप्फुसं स्वच्छ आहेत. हे ऐकलं तेव्हा मला तिथेच रडू आलं.

एक्स-रेमध्ये डोकंही घेतलं. डोळ्यातून पाणी येतं ते कधी वरच्या दाढांची मुळं वाढून अश्रूंची नळी दबल्यामुळे असतं, आणि लोक सर्दी समजून महिनोन्‌महिने अँटिबायोटिक देत राहतात. कापसाच्या दाढा ठीक आहेत. नाकात गवताची काडी अडकली तरी असं होतं, पण मग एकाच नाकपुडीतून स्राव येतो. याच्या दोन्हींतून येत होता.

नाकाच्या आतून स्वॅब घेतला, मुंबईला तपासायला जाणार. तोपर्यंत वजनावरून मोजून एन्रोफ्लॉक्सासिन, दिवसातून दोनदा. शिंका थांबल्या तरी मनाने बंद करायचं नाही, हे तीनदा बजावलं. शिवाय नेब्युलायझरने साधं सलाइन, दहा मिनिटं, सकाळ-संध्याकाळ.

आजोळ_दापोली | दुपारी ४:३५

देव पावला. औषध कडू असतं ते, पिकल्या केळ्याच्या नखाएवढ्या तुकड्यात कालवून दे. जास्त केळं नको.

रातांबा | दुपारी ४:४१

खूप बरं वाटलं. नेब्युलायझरचा मास्क तोंडाला लावू देत नाहीत ससे. टोपलीवर ओली नसलेली चादर टाकून त्यात नेब्युलायझरचा फवारा सोडा, एक बाजू थोडी उघडी ठेवा. बिट्टूनंतर आणलेल्या दुसऱ्या सशाला मी तसंच देते. आणि माझ्या भाचीसारखं तुमच्या लेकीला श्वास मोजायला बसवा, तिचा तीसचा पाढा त्यातच पाठ झाला.

सुरंगीचा_वळेसर | १८ ऑगस्ट, रात्री ८:१५

रिपोर्ट आला. पाश्चुरेलाच. चालू असलेलं औषध त्याला लागू पडतंय, म्हणून तेच पुढे, एकूण तीन आठवडे. तो कायमचा जाईलच असं नाही, पुन्हा उठू शकतो, म्हणून जागा आणि हवा सांभाळायची असं डॉक्टर म्हणाले.

पिंजरा पडवीतून माजघराच्या खिडकीशी आणला. वाऱ्याचा झोत थेट नाही, पण हवा खेळती. सासूबाईंनी देवापुढची उदबत्ती स्वतःहून बाहेर तुळशीपाशी नेली. वर्तमानपत्रं दोनदा बदलते. दोन दिवसांत एकच शिंक. श्वास ४८.

खाडीपल्याड | रात्री ८:३०

वा! एक विचारायचंय. आमच्या धाकट्याला पुन्हा ससा हवाय. शेजाऱ्यांकडे गिनीपिग आहेत, त्यांच्याबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवला तर सोबत होईल का?

गोठ्यातला | रात्री ९:०२

सोबत ठेवू नका. सशाच्या नाकातला बॉर्डेटेला सशाला बहुतेक वेळा फारसं काही करत नाही, पण गिनीपिगला त्याचा न्यूमोनिया होऊन जीव जाऊ शकतो. ससा आणायचा तर बाजारातल्या गर्दीच्या पिंजऱ्यातून नको. आधी त्याचे पंजे आतून बघा. आणल्यावर घरात दुसरा ससा असेल तर निदान तीन-चार आठवडे वेगळ्या खोलीत, आणि एकाला हात लावल्यावर साबणाने हात धुऊनच दुसऱ्याला.

खाडीपल्याड | रात्री ९:१०

पावसाळा संपल्यावरच आणतो. तोवर सड्यावरून गवत कापून माळ्यावर भरतो. कातळशिल्प, कापडी पिशव्या किती लागतात हो एका सशाला?

कातळशिल्प | रात्री ९:१८

वर्षभरासाठी गव्हाच्या मोठ्या पोत्याएवढ्या दहा-बारा धरा. दसऱ्याला या राजापूरला, कापणीला दोन हात जास्त लागतातच.

सुरंगीचा_वळेसर | १ सप्टेंबर, सकाळी ७:०५

काल औषधाचा शेवटचा डोस झाला. आज ताटली वाजवायच्या आधीच दारात येऊन उभा. पंजे उलटे करून बघितले, केस सुटे आणि कोरडे आहेत. पुढच्या सोमवारी पुन्हा वजन करायला बोलावलंय.